पाळणा हलण्याआधीच बोलून ठेवावे असे काही

या सदराकडे गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये एक विषय पुन्हा पुन्हा दिसला: बाळंतपणानंतर लगेच दिवस राहू नयेत म्हणून काय करावे, आणि ते कोणाला, केव्हा विचारावे. बहुतेक पत्रे कोल्हापूर जिल्ह्यातली आहेत आणि बऱ्याच जणींनी आरंभीच ‘असले पत्र लिहिते म्हणून राग मानू नये’ असे लिहिले आहे. राग मानण्याचे काहीच कारण नाही. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र सुरू केले ते १९२१ साली. शंभर वर्षांनंतरही हा प्रश्न विचारताना आपल्या लेकीसुनांना माफी मागावी लागते, याचे मात्र वाईट वाटते. ओळख पटेल असे तपशील वगळून पत्रे थोडक्यात देत आहे.

‘पोटातले लेकरू अजून बाहेर आले नाही, आणि आत्ताच हा विषय?’

करवीर तालुक्यातील एक वाचक लिहितात: मला सातवा महिना चालू आहे. पहिलेच बाळंतपण असल्यामुळे पुढच्या महिन्यात गडहिंग्लजकडे माहेरी जाणार आहे. ९ तारखेच्या तपासणीला गेले असता तिथल्या सिस्टरांनी ‘बाळंतपणानंतर पाळणा लांबवण्यासाठी काय वापरणार, ते ठरवले का?’ असे विचारले. सोबत सासूबाई होत्या. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, ‘लेकरू सुखरूप हातात येऊ दे, मग बघू; आत्तापासून असले बोलू नये.’ मलाही ते थोडे खटकले. इतक्या लवकर विचारण्याचे कारण काय?

उत्तर: सासूबाईंच्या बोलण्यात काळजी आहे, ती मी समजू शकते. पहिल्या खेपेच्या गरोदर सुनेसमोर ‘पुढचे थांबवणे’ हे शब्द कोणत्याही वडीलधाऱ्या बाईच्या कानाला टोचणारच. परंतु सिस्टरांनी विचारलेला प्रश्न पुढच्या बाळापेक्षा याच बाळाच्या आणि तुमच्या प्रकृतीचा आहे. बाळंतपणात आणि अंगावर पाजताना शरीरातले लोह, कॅल्शियम आणि एकूण ताकद खर्ची पडते. ती भरून येण्याआधीच पुन्हा दिवस राहिले, तर रक्त कमी पडणे, दिवस भरण्याआधी कळा सुरू होणे, बाळ कमी वजनाचे जन्मणे यांचा धोका वाढतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की बाळाच्या जन्मानंतर पुन्हा दिवस राहण्यात किमान २४ महिन्यांचे अंतर असावे, म्हणजे दोन भावंडांत जवळपास पावणेतीन वर्षांचे.

आता ‘आत्ताच का’ याविषयी. काही साधने अशी आहेत की त्यांची वेळ बाळंतपणाच्या खोलीतच येते आणि तिथेच निघून जाते. तांबी (गर्भपिशवीत बसवायची कॉपर-टी) बसवायची असेल, तर वार पडल्यानंतर दहा मिनिटांच्या आत ती उत्तम बसते; ती वेळ गेली तरी ४८ तासांपर्यंत बसवता येते; त्यानंतर मात्र सहा आठवडे थांबावे लागते. आता विचार करा: कळांनी जीव मेटाकुटीला आलेला, घामाने केस कपाळाला चिकटलेले, आणि त्या क्षणी कोणी कानाशी येऊन ‘तांबी बसवू का?’ असे विचारले, तर त्या बाईने दिलेल्या होकाराला होकार म्हणावे काय? मी म्हणणार नाही. या विषयावरचे शासकीय मार्गदर्शनही असेच आहे की समुपदेशन गरोदरपणातल्या तपासण्यांमध्ये व्हावे, जोराच्या कळा चालू असताना संमती मागू नये. निर्णय शांत डोक्याने घेतलेला असावा, तो तुमच्या माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदलेला असावा, आणि पुढे मन बदलले तर तो बदलण्याची मोकळीकही असावी.

दुसरे कारण आपल्या चालीरीतीतले आहे आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे आहे. आपल्याकडे तपासण्या सासरी होतात आणि बाळंतपण माहेरी. सासरकडच्या डॉक्टरांना वाटते, हे बाळंतपण करणारे पाहतील; माहेरच्या डॉक्टरांना वाटते, हे आधीच झाले असेल; आणि दोन गावांच्या मध्ये हा प्रश्न कोणाचाच राहत नाही. पुढे सव्वा महिना शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर यांत जातो. बाळंतिणीची काळजी घेण्यात आपल्याकडच्या आया कुठेही कमी पडत नाहीत, पण सहा आठवड्यांनी तिची स्वतःची जी तपासणी व्हायला हवी तिची आठवण कोणालाच राहत नाही. बाळाला दीड महिन्याच्या लसीला मात्र सगळे घर नेमाने घेऊन जाते. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला सांगते की लसीच्या त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, स्वतःलाही तपासून घ्या आणि कार्ड पुढे करून साधनाविषयी विचारा.

तुम्हाला माझे सांगणे एवढेच की माहेरी जाण्याआधी पतीशी एकदा निवांत बोला, पुढच्या तपासणीला सिस्टरांकडून सगळी साधने समजून घ्या, निवड कार्डावर लिहून घ्या आणि गडहिंग्लजला पहिल्याच भेटीत ते कार्ड तिथल्या डॉक्टरांना दाखवा. सासूबाईंनाही सोबत न्या. नातवंडाच्या दुधासाठी आणि सुनेच्या रक्तासाठी हे चालले आहे, हे सिस्टरांच्याच तोंडून ऐकले की त्यांचा विरोध मावळेल, असा माझा अनुभव आहे.

‘अंगावर पाजत असेतो काळजी नाही, असे आई म्हणते’

पन्हाळा तालुक्यातून: बाळ पावणेपाच महिन्यांचे आहे आणि अंगावर पिते. पाळी अजून आलेली नाही. आईच्या म्हणण्याप्रमाणे अंगावर पाजत असेपर्यंत दिवस राहत नाहीत. माझ्यात आणि भावात तीन वर्षांचे अंतर तसेच पडले, असे ती सांगते. बाळाला रोज सकाळी घुटी देतो, ऊन फार म्हणून दुपारी वाटी-चमच्याने पाणी, आणि गेल्या पंधरवड्यापासून रात्री नाचणीचे सत्त्व देतो, त्यामुळे ते आठ तास सलग झोपते. मी आता सासरी परतले आहे. काही वापरायला हवे का?

उत्तर: होय, आणि तेही या आठवड्यातच.

तुमच्या आई खोटे सांगत नाहीत. बाळ स्तन चोखते तेव्हा आईच्या मेंदूकडे जो संदेश जातो, त्याने दूध तयार करणारे संप्रेरक वाढते आणि बीजकोशाचे काम तात्पुरते थांबते. ही पद्धत शास्त्राने मान्य केलेली आहे. मात्र तिला तीन अटी आहेत: बाळ सहा महिन्यांच्या आतले असावे, पाळी सुरू झालेली नसावी, आणि बाळ दिवसरात्र फक्त अंगावरच पीत असावे. तिन्ही अटी पाळणाऱ्या शंभर जणींपैकी सहा महिन्यांत दोघींहून कमी जणींना दिवस जातात. म्हणजे ही पद्धत गोळ्यांच्या तोडीची ठरते. तीनपैकी एक अट जरी सुटली, तरी तिच्यावर विसंबता येत नाही.

तुमच्या घरात तिसरी अट सुटली आहे. सहाणेवर हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, वेखंड यांचे दोन-दोन वळसे उगाळून आईच्या दुधात दिलेली बोटभर घुटी हे पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रेमाचे काम आहे, आणि त्या चार थेंबांनी पोट भरत नसल्यामुळे या हिशेबात त्यांचा फार फरक पडत नाही. तरीही सहा महिन्यांपर्यंत बाळाला तेही देऊ नये असेच मी सांगेन, कारण सहाणेवरचे आणि हातावरचे जंतू बाळाच्या पोटात जातात. पाण्याचे तसेच. कोल्हापूरचा एप्रिल कितीही तापला, तरी आईच्या दुधात बाळाला पुरेसे पाणी असते. पण तुमच्या बाबतीत खरा फरक पाडला आहे तो रात्रीच्या सत्त्वाने. पोट भरल्यामुळे बाळ आठ तास झोपते, म्हणजे आठ तास चोखत नाही, आणि बीजकोशाला थोपवून धरणारा संदेश तेवढा वेळ जात नाही. या पद्धतीत दिवसा चार तासांहून आणि रात्री सहा तासांहून अधिक खंड पडू नये असे धरले जाते. तुमच्या आईंच्या काळी बाळ रात्रभर कुशीत असायचे आणि जाग येईल तेव्हा प्यायचे; त्यांना पडलेले तीन वर्षांचे अंतर त्यामुळे असू शकते. प्रत्येकीच्या नशिबी तसे अंतर येईलच असे मात्र नाही.

‘पाळी येऊ दे, मग बघू’ असेही ठरवू नका. बीज आधी सुटते आणि पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. ते पहिलेच बीज फळले, तर पाळी येतच नाही आणि पोट दिसू लागेपर्यंत बाईला वाटत राहते की दुधामुळेच पाळी लांबली आहे. चौथ्या-पाचव्या महिन्याला पोट हाताला लागल्यावर तपासणीला आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ विसरता येत नाही. आधी लघवीची साधी तपासणी करून दिवस राहिलेले नाहीत याची खात्री करा, मग तांबी, छाया गोळी किंवा अंतरा इंजेक्शन यांपैकी एक सुरू करा. तोवर निरोध वापरा. आणि बाळाला पाजणे अजिबात कमी करू नका. एस्ट्रोजेन असलेल्या माला-एनसारख्या गोळ्या मात्र बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत घेऊ नका, त्यांनी दूध कमी होऊ शकते.

‘तांबी वर चढून काळजापर्यंत जाते म्हणतात’

इचलकरंजीहून: पहिली मुलगी सिझेरियनने झाली. ती अकरा महिन्यांची असताना पुन्हा दिवस राहिले. आता आठवा महिना आहे आणि याही खेपेला सिझेरियनच होणार आहे. त्याच वेळी तांबी बसवावी असे डॉक्टर सुचवतात. जाऊबाई म्हणतात, शिवलेल्या पिशवीत तांबी राहत नाही, वर चढते आणि काळजापर्यंत जाते.

उत्तर: गर्भपिशवी ही वरून बंद असलेल्या जाड भिंतीच्या पिशवीसारखी असते. तिच्यातून पोटात वा छातीकडे जाणारा मोकळा रस्ता नाही, त्यामुळे तांबी काळजापर्यंत जाणे शक्यच नाही. बसवताना पिशवीच्या भिंतीला इजा होण्याचा प्रसंग क्वचित घडतो. सिझेरियनमध्ये तर पिशवी उघडीच असते. वार काढल्यावर डॉक्टर आपल्या हाताने तांबी पिशवीच्या अगदी वरच्या टोकाशी ठेवतात आणि मग टाके घालतात. वेगळी भूल नाही, वेगळी वेदना नाही. टाक्यांचा आणि तांबीचा एकमेकांना त्रास होत नाही.

खरी शंका घ्यायची, तर ती उलट दिशेची घ्यावी. बाळंतपणाच्या वेळी बसवलेली तांबी पुढच्या काही आठवड्यांत खाली सरकून पडण्याची शक्यता, एरवी बसवलेल्या तांबीपेक्षा जास्त असते. म्हणून सहा आठवड्यांनी तपासणी करून घेणे आवश्यक आहे. सिझेरियननंतर तिचे दोरे लगेच खाली दिसतीलच असे नाही. ते दिसले नाहीत तर घाबरू नका, सोनोग्राफीत तांबी कुठे आहे ते कळते. पहिले काही महिने पाळीत रक्तस्राव आणि ओटीपोटाचे दुखणे थोडे वाढू शकते, तेव्हा आधीच रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या मध्येच सोडू नका. ताप, घाण वासाचा स्राव किंवा असह्य पोटदुखी झाली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि पाणमोट फुटून १८ तासांहून अधिक वेळ गेला असेल, जंतुसंसर्गाची लक्षणे असतील किंवा रक्तस्राव थांबत नसेल, तर डॉक्टर त्या वेळी तांबी बसवणार नाहीत. तसे झाले तर निराश होऊ नका, सहा आठवड्यांनी ती बसवता येते.

सरकारी दवाखान्यात दोन प्रकारच्या तांबी मिळतात, एक दहा वर्षे चालणारी आणि दुसरी पाच वर्षे चालणारी. कोणती बसवली ते कार्डावर लिहून घ्या. नको वाटेल त्या दिवशी ती काढता येते आणि त्यानंतर दिवस राहण्यास ती आडवी येत नाही. तुम्हाला हे इतके सविस्तर लिहिते, कारण दोन सिझेरियननंतर पिशवीवरची शिवण पक्की होण्याला वेळ द्यायलाच हवा. अंतर कमी पडले तर पुढच्या कळांमध्ये ती शिवण उसवण्याचा धोका वाढतो. जाऊबाईंना हे उत्तर जरूर वाचून दाखवा. त्यांनी कोणाचा तरी त्रास डोळ्यांनी पाहिला असेल, त्यातूनच ही भीती आली असेल.

‘मला न विचारता तांबी बसवली’

कागल तालुक्यातील एका वाचकाने लिहिले आहे की बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी पोट दुखते म्हणून सोनोग्राफी केली, तेव्हा आत तांबी असल्याचे कळले. दवाखान्यात विचारले, तर ‘तुमच्या मिस्टरांची सही आहे’ असे उत्तर मिळाले. काढा म्हणायला संकोच वाटतो.

उत्तर: संकोच तुम्हाला वाटावा असे तुम्ही काहीही केलेले नाही. तुमच्या शरीरात काय बसवायचे याची संमती फक्त तुम्ही देऊ शकता. पतीची, सासूची किंवा आईची सही तिची जागा घेऊ शकत नाही. अगदी स्त्री-नसबंदीसारख्या कायमच्या शस्त्रक्रियेलाही जोडीदाराची संमती बंधनकारक नाही, मग तांबीची गोष्टच सोडा.

पोट कशाने दुखते ते आधी तपासून घ्या. त्यानंतर तांबी ठेवावीशी वाटली तर ठेवा, नको असेल तर ‘मला काढायची आहे’ एवढे एकच वाक्य पुरेसे आहे; कारण देण्याची गरज नाही. काढण्याआधी दुसरे साधन ठरवून ठेवा, कारण तिचा आधार त्याच दिवशी संपतो. घडल्या प्रकाराची लेखी तक्रारही द्या: सरकारी दवाखाना असेल तर वैद्यकीय अधीक्षकांकडे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, सोबत डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडून. तांबी हे चांगले साधन आहे यावर माझा पूर्ण विश्वास आहे, म्हणूनच हे पत्र वाचून मला फार दुःख झाले. एकीला न विचारता बसवली, की तिच्या गल्लीतल्या दहा जणी त्या साधनाच्या वाटेला जात नाहीत.

अंतरा की छाया?

राधानगरी तालुक्यातून विचारणा आहे की बाळ दोन महिन्यांचे असून आशाताईंनी या दोन्हींची नावे सांगितली आहेत. दुधाला कोणते चालेल?

उत्तर: दोन्ही चालतात. अंतरा हे दर तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला ते बाळंतपणानंतर सहा आठवडे झाल्यावर देतात. त्याने पाळी अनियमित होते आणि पुढे बरेचदा बंदच होते. ते रक्त कुठे साठत नसते, त्यामुळे भीती बाळगू नये. बंद केल्यावर पुन्हा दिवस राहण्यास, शेवटच्या इंजेक्शनपासून धरून, साधारण सात ते दहा महिने लागतात, हे लक्षात ठेवून निवड करावी. इंजेक्शनची जागा चोळू नये.

छाया ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, संप्रेरके नसलेली गोळी आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोन ठरावीक वारी आणि पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची. पाळी लांबू शकते. बीजकोशात गाठी असणाऱ्यांनी किंवा नुकतीच कावीळ होऊन गेलेल्यांनी ती घेऊ नये. वार विसरण्याची सवय असेल तर अंतरा बरे. उपकेंद्र लांब असेल आणि पावसाळ्यात वाट बंद होत असेल, तर गोळ्यांची पाकिटे घरात ठेवणे सोयीचे.

एका वडिलांचे पत्र

शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत काम करणारे एक वाचक लिहितात: मोठा मुलगा पाच वर्षांचा, धाकटी चौदा महिन्यांची. दोन्ही वेळी पत्नीचे सिझेरियन झाले. आता तिच्यावर तिसरी शस्त्रक्रिया नको, मीच नसबंदी करून घ्यावी असे वाटते. तालमीतले मित्र म्हणतात, अंगातला जोर जाईल, भट्टीपुढे उभे राहता येणार नाही.

उत्तर: इतक्या पत्रांत पुरुषाचे हे एकच पत्र आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून आनंद वाटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींनी स्त्री-नसबंदीचा आधार घेतल्याचे दिसले, तर पतीची नसबंदी झालेल्या जणी अवघ्या ०.३ टक्के होत्या. वास्तविक या दोहोंत सोपी शस्त्रक्रिया पुरुषाचीच आहे.

अंगातला जोर ज्या संप्रेरकावर अवलंबून असतो, ते वृषणात तयार होऊन थेट रक्तात मिसळते. नसबंदीत बंद केली जाते ती शुक्रजंतू वाहून नेणारी बारीक नळी. रक्तवाहिन्यांना धक्का लागत नाही, त्यामुळे तालीम, भट्टी, शरीरसुख यांपैकी कशातही उणेपणा येत नाही; वीर्यही पूर्वीइतकेच असते, फक्त त्यात शुक्रजंतू नसतात. बिनटाक्याच्या पद्धतीत जागेपुरती भूल देऊन काम साधारण पंधरा-वीस मिनिटांत होते आणि माणूस चालत घरी जातो. दोन दिवस विश्रांती घ्यावी. वजन उचलणे आणि सायकल चालवणे आठवडाभर टाळावे, आणि तुमचे काम पाहता मी तुम्हाला फौंड्रीतून तेवढी रजा टाकायलाच सांगेन.

ही शस्त्रक्रिया कायमची म्हणून करायची असते. नळी पुन्हा जोडता येते, पण मूल होण्याची खात्री देता येत नाही. तेव्हा तुम्ही दोघांनी मिळून विचार पक्का करा. आणि एक गोष्ट तुमच्या मित्रांपैकी कोणी सांगणार नाही, ती अशी की नसबंदी झाल्याझाल्या तुम्ही निर्धास्त होत नाही. नळीत पुढे साठलेले शुक्रजंतू निघून जायला तीन महिने लागतात. त्यानंतर वीर्यतपासणी होते, आणि शुक्रजंतू नाहीत असा अहवाल हाती येईपर्यंत तुमचा निरोध किंवा पत्नीचे चालू असलेले साधन यांपैकी एक सुरू ठेवावेच लागेल.